भिशीचे बारा हजार आणि इमॅजिका: नाशिक ते खोपोली, तीन दिवस

पैशाचं आधी सांगते, कारण फिरायला जायचं म्हटलं की आमच्यासारख्या घरात पहिला विषय तोच निघतो. बजेट होतं अठरा हजार आणि माणसं पाच. मी, मिस्टर, सासूबाई, मोठी तेरा वर्षांची आणि धाकटा दहाचा. मिस्टर सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, सिडकोत स्वतःचं छोटं घर आहे आणि त्याचा हप्ता चालू आहे. म्हणजे खायला-प्यायला कमी नाही पण एकदम वीस हजार बाजूला काढून ठेवता येतील असंही नाही.

इमॅजिकाचं, म्हणजे खोपोलीजवळच्या त्या मोठ्या राइडवाल्या पार्कचं, पोरांनी दोन वर्षं लावून धरलं होतं. शाळेत कुणीतरी जाऊन येतं, मग त्याच्या मोबाईलमधले व्हिडिओ, मग घरी येऊन सारखं तेच. मी "बघू" म्हणायचे आणि म्हटलं की मलाच कसंतरी व्हायचं. सातवीत असताना, १९९५ च्या आसपास, आमच्या शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला निघाली होती. गोराईचं ते पार्क १९८९ ला सुरू झालं आणि तेव्हा टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की गल्लीतली सगळी पोरं टीव्हीसमोर गोळा व्हायची. बाईंनी वर्गात यादी वाचली, माझं नाव नव्हतं. वडील म्हणाले होते पुढच्या वर्षी बघू. त्यांचा काही दोष नव्हता, तीन पोरं आणि एकच पगार. पण तो शब्द मी विसरलेले नाही, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही. आता तर ते पार्कच बंद झालंय.

म्हणून गेल्या जानेवारीत मी भिशीत नाव घातलं. बारा जणी, महिन्याला हजार. माझी चिठ्ठी ऑक्टोबरात निघाली, बारा हजार हातात आले. मिस्टरांच्या दिवाळी बोनसमधले सहा हजार त्यांनी न मागता आणून दिले. अठरा हजार झाले. मग दोन्ही पोरांना समोर बसवून पैसे दाखवले आणि सांगितलं की एवढेच आहेत, यातच जायचं, यातच खायचं, यातच परत यायचं. हे मी मुद्दाम केलं. मैत्रिणी म्हणाल्या पोरांना कशाला पैशाचं सांगतेस, पण मला वाटतं सांगावं. मोठीने लगेच एक जुनी वही काढली, पहिल्या पानावर १८,००० लिहिलं आणि म्हणाली, "आई, हिशोब मी ठेवणार."

तारीख ठरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवसात जास्त, मधल्या वारी कमी. आम्ही दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावरचा गुरुवार धरला. पोरांच्या तीन दिवस शाळा बुडल्या, बाईंना खरं कारण लिहून चिठ्ठी दिली. ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट कमी असतं, लहान मुलांचं वयावर नाही तर उंचीवर ठरतं, त्यामुळे मोठी मोठ्यांत गेली आणि धाकटा लहानात राहिला. पाच जणांची ऑनलाइन तिकिटं सहा हजार आठशेला पडली. बटण दाबताना हात थोडा थांबला हे खरंय.

सासूबाई आधी नको म्हणत होत्या. शहात्तर वर्षांच्या आहेत, म्हणाल्या मी काय करू तिथं, माझे हजार वाचतील. मग मिस्टरांनी नकाशा दाखवला. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे, म्हणजे एका बाजूला महडचा वरदविनायक आणि दुसऱ्या बाजूला पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकातले दोन गणपती तासाभराच्या टप्प्यात. त्यांचे सहा झाले होते, हे दोन राहिले होते. हे ऐकल्यावर आईंनी त्याच दिवशी पिशवी भरायला घेतली.

बुधवार

सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी. नाशिककराला वेगळी सांगायला नको, मनमाडहून येते आणि रोज मुंबईला अप-डाउन करणारे निम्मी गाडी भरून असतात. आमचं सेकंड सीटिंगचं रिझर्व्हेशन महिनाभर आधीच केलेलं, माणशी शंभरच्या आतच. खासगी गाडी करून गेलो असतो तर नुसत्या जाण्या-येण्यात नऊ-दहा हजार गेले असते, म्हणजे अर्धं बजेट रस्त्यावरच संपलं असतं. मिस्टरांचा भाऊ गाडी द्यायला तयार होता पण डिझेल, टोल आणि वर त्याचे उपकार, त्यापेक्षा रेल्वे बरी.

इगतपुरीला वडे घेतले, पाच जणांत पाच प्लेट, मोठीने वहीत लिहिले. कसारा घाटात बोगदे सुरू झाले की धाकटा मोजायला लागला आणि आजी त्याच्याबरोबर मोजत होत्या, दोघांचे आकडे काही जुळले नाहीत. कल्याणला उतरून खोपोलीकडे जाणारी लोकल पकडायची. थेट खोपोलीची मिळाली तर उत्तम, नाहीतर कर्जतला बदलायची. आम्हाला कर्जतची मिळाली. बदलापूर गेलं की गर्दी ओसरते, वांगणी, शेलू, नेरळ, मग डोंगर जवळ यायला लागतात. पुढे कर्जत ते खोपोली हा एकेरी मार्ग आहे, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली, गाड्या मोजक्याच, एक चुकली की बराच वेळ बसायचं. म्हणून कुणी जाणार असाल तर या टप्प्याचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, बाकी सगळं जमतं. कल्याणहून खोपोलीपर्यंत पाच जणांचे मिळून शंभरच्या आसपास लागले. एवढ्या पैशात नाशकात सिडकोतून रिक्षा शालिमारपर्यंतसुद्धा नेत नाही.

खोपोलीत उतरलं की समोर डोंगरावरून खाली आलेले मोठे पाइप दिसतात. टाटांचं वीजकेंद्र. १९१५ साली सुरू झालेलं, वर लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी पाइपातून खाली सोडायचं आणि त्या जोरावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. मिस्टर मशीनवरचे, ते तिथंच उभे राहून पोरांना समजावत बसले.

लॉजवर मात्र डोकं तापलं. फोनवर विचारून घेतलं होतं, एक मोठी खोली, चौदाशे रुपये रोज, जादा गादीचे वेगळे पैसे नाहीत. गेल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणतो गादीचे दिवसाचे दोनशे. दोन दिवसांचे चारशे. ऐकायला चारशे छोटे वाटतात पण ज्याने रुपया-रुपया जोडून आकडा बसवलाय त्याला ते टोचतात, आणि त्यापेक्षा जास्त टोचतो तो दिलेला शब्द फिरवणं. फोनवर कोण बोललं तेही तो मान्य करेना. मी बाजूला झाले आणि मिस्टर शांतपणे बोलत राहिले, शेवटी दोनशेवर मिटलं. तेव्हापासून मी ठरवलंय की जे ठरेल ते फोनवर न ठेवता व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचं.

संध्याकाळी महड. (चवदार तळ्याचं महाड वेगळं, हे महड.) खोपोलीहून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. देऊळ लहान, कौलारू घरासारखं, १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. मागे तळं आहे, मूर्ती त्या तळ्यातच सापडली असं सांगतात. आतला नंदादीप १८९२ पासून तेवतोय म्हणतात. इथलं वेगळेपण म्हणजे भक्ताला गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते. बुधवारची संध्याकाळ, गर्दी अजिबात नाही. आई आत गेल्या, दूर्वा वाहिल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "कुणी ढकललं नाही गं." नाहीतर मोठ्या देवळात तीन तास लाइनीत उभं राहून दोन सेकंद दर्शन घेतलेलं त्यांना माहीत होतं.

रात्री घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लॉजसमोरच्या हॉटेलातून फक्त दोन वाटी आमटी.

गुरुवार

पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही, गेटवर पिशव्या बघतात. आत खाणं महाग असणार हे धरूनच चाललो होतो, म्हणून सकाळी नऊला पोरांना पोटभर खाऊ घातलं, उरलेल्या मेथीच्या पुऱ्या, दही, केळी, आणि आई तर दोन कप चहा पिऊनच निघाल्या. रिक्षा तीनशेला ठरली. रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवला आणि संध्याकाळी न्यायला याल का असं तिथंच विचारलं. हे महत्त्वाचं, कारण संध्याकाळी सगळे एकदमच बाहेर पडतात आणि तेव्हा जो सांगेल तो भाव.

गेटवर पोचलो तर आमच्या आधी शाळांच्या सहा-सात बसेस लागलेल्या. मधला वार म्हणजे पार्क रिकामं असेल हा आमचा अंदाज होता, पण डिसेंबरच्या तोंडाला शाळांच्या सहली असतात हे लक्षातच आलं नव्हतं. पिवळ्या टोप्या, निळ्या टोप्या, बाई ओरडतायत, पोरं दोन-दोनच्या रांगेत. मी बराच वेळ त्या रांगांकडे बघत उभी राहिले. एक मुलगी चपलेचा पट्टा पिनेने अडकवून आली होती आणि तिच्याइतकं खुश तिथे दुसरं कुणी नव्हतं. त्या पोरीच्या घरी कुणीतरी सहलीचे पैसे कसे भरले असतील ते मला न विचारता कळलं.

हे पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं, मनमोहन शेट्टींनी उभं केलेलं, २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आहे. शेजारी वॉटर पार्क आणि स्नो पार्कही आहेत, पण त्यांची तिकिटं वेगळी आणि आम्ही ती घेतली नाहीत. पोरांनी आधीच मान्य केलं होतं की एकच पार्क, पण पूर्ण. मला वाटतं हाच खरा शहाणपणा. दिवस एकच असतो, दोन तिकिटं काढून दोन्ही अर्धवट होतात.

आत गेल्या गेल्या शाळांची पोरं पहिल्या दिसणाऱ्या राइडकडे पळाली. मोठीने आदल्या रात्री मोबाईलवर नकाशा पाठ केला होता, ती म्हणाली आपण लांबच्या टोकाकडून सुरू करू. तिचं ऐकलं आणि पहिल्या दीड तासात चार राइड झाल्या, कुठेही पंधरा मिनिटांच्या वर उभं राहावं लागलं नाही. लाइन न लावता पुढे जायचा वेगळा पास मिळतो, त्याचे जादा पैसे पडतात, तो आम्हाला लागलाच नाही.

राजासॉरसची राइड पोरांना सगळ्यात आवडली. बोटीत बसवून अंधारात डायनोसॉरमधून नेतात आणि शेवटी वरून पाण्यात सोडतात. लाइनीत उभं असताना मोठी धाकट्याला सांगत होती की राजासॉरस हा खरंच आपल्याकडचा डायनोसॉर आहे, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला नाव दिलं. मागे उभ्या असलेल्या कुणाच्यातरी बाबांनी तिला विचारलं कुठल्या शाळेत आहेस बाळा. मिस्टरांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

अलीबाबाच्या गुहेत बंदुकीने निशाणे मारायचे असतात आणि समोर गुण दिसतात. धाकटा जिंकला. तो दिवसभर ते गुण सांगत होता.

आईंसाठी मी आधी वाचून ठेवलं होतं की कुठं काय झेपेल. 'आय फॉर इंडिया' म्हणून एक आहे, खुर्चीत बसायचं, पट्टा लावायचा, खुर्ची वर उचलली जाते, पाय अधांतरी आणि समोर भलामोठा पडदा, आपण आपल्या देशावरून उडत चाललोय असं वाटतं. आई आधी माझा हात घट्ट धरून होत्या. बर्फाचे डोंगर आले तसा हात सैल झाला. मग पाणी, देवळं, शेतं. माझ्या सासूबाई आयुष्यात कधी विमानात बसलेल्या नाहीत, सगळ्यात लांबचा प्रवास पंढरपूर आणि एकदा काशी, तीही गावच्या मंडळींबरोबर रेल्वेने. खाली आल्यावर म्हणाल्या, "परत आहे का?" आम्ही परत लाइन लावली. एका तिकिटात कितीही वेळा बसता येतं हे त्यांना तेव्हा कळलं आणि मग त्या म्हणाल्या की मग हजार काही जास्त नाहीत.

जेवण. पाच जणांत तीन प्लेट घेतल्या, छोले-भात, एक सँडविच आणि पोरांना एक पिझ्झा. नंतर दुपारी एकदा आईस्क्रीम. दिवसभराचं मिळून साडेसतराशे. वहीत एवढा मोठा आकडा लिहिताना मोठीने पेन जोरात दाबलं होतं, पान मागे उमटलंय.

दुपारी नायट्रोकडे गेलो. लांबूनच दिसतं ते, ४० मीटर उंच, वेग ताशी १०५ किलोमीटर, गाडीला खाली जमीनच नाही म्हणजे पाय लोंबकळत राहतात आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. दाराशी उंचीची पट्टी. धाकटा ताठ उभा राहिला, टाचा उचलल्या, तिथल्या मुलाने हळूच खांद्यावर हात ठेवून टाचा खाली घेतल्या. चार बोटं कमी. त्या मुलाने समजावून सांगितलं की वरचा पट्टा तुझ्या खांद्यावर नीट बसणार नाही, पुढच्या वर्षी ये. धाकट्याने मान हलवली, चार पावलं चालला आणि मग माझ्या पोटात तोंड खुपसून रडला. दोन वर्षं तो नायट्रो, नायट्रो करत होता. मी त्याला काही सांगायला गेले तर माझ्याच तोंडून "पुढच्या वर्षी" निघालं आणि मी मध्येच थांबले. मिस्टर त्याला घेऊन गोल्ड रशकडे गेले, खाणीतल्या गाडीसारखी ती राइड त्याला चालत होती, आणि दोघं तिच्यावर तीनदा बसून आले.

मोठीला एकटीला पाठवायचं नव्हतं. मिस्टर धाकट्याबरोबर. राहिले मी. मी म्हटलं मी नाही, मी खाली थांबते. मोठी म्हणाली, "आई, तुझं पण तिकीट तेवढ्याचंच आहे ना." बरोबर होतं तिचं.

लाइनीत सूचना लावलेल्या असतात, चष्मा, मोबाईल, सैल दागिने काहीच नको. कानातले काढले, बांगड्या काढल्या. मंगळसूत्र राहिलं. मी ते ब्लाउजच्या आत घालायला लागले तर आईंनी पदर पुढे केला. त्यांच्यापुढे मी मंगळसूत्र कधी गळ्यातून काढलेलं नाही, दवाखान्यात सुद्धा नाही, मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "दे इकडं. तुटलं-हरवलं तर जास्त वाईट." पदराच्या टोकाला मंगळसूत्र, बांगड्या, माझे कानातले, मोठीचा चष्मा सगळं ठेवलं, दोन गाठी मारल्या, तो पदर कमरेला खोचला आणि सावलीतल्या बाकावर जाऊन बसल्या.

वर जाताना साखळीचा आवाज येतो, टक टक टक. चपला खालीच काढून ठेवलेल्या, तळपायाला वारं लागत होतं. वरून सगळा परिसर दिसतो, डोंगर, हिरवळ, रस्ता. मग खाली. मी ओरडले की नाही मला आठवत नाही, मोठी म्हणते की ओरडलीस, सगळ्यात जोरात. उलटं झाल्यावर एक क्षण मला आकाश पायाखाली दिसलं. गाडी थांबली तेव्हा मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यामुळे असेल. मोठीने माझा हात सोडला नव्हता, तिच्या नखांचे तीन वण संध्याकाळपर्यंत मनगटावर होते.

उतरल्यावर राइडवरचा फोटो स्क्रीनवर दाखवतात, विकत मिळतो. आम्ही दोघी त्या फोटोसमोर उभ्या राहिलो. मोठीने वही उघडली, बघितलं, बंद केली आणि म्हणाली, "नको, लक्षात राहील." त्यावर मी तिला काही बोलले नाही पण ते पैसे मी दिले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. फोटोऐवजी तिला आणि धाकट्याला एक-एक टोपी घेतली, दोन्ही मिळून साडेचारशे. ती माझ्या आग्रहाने. सहलीवरून परत आलेल्या माझ्या मैत्रिणींच्या डोक्यावर टोप्या होत्या.

संध्याकाळी नाचत-वाजत मिरवणूक निघते, दिवे लावलेले रथ, पोशाख केलेले कलाकार. आई पुढे जाऊन बसल्या. रिक्षावाला सांगितल्या वेळी आला, उशीर म्हणून साडेतीनशे घेतले, योग्यच होते.

शुक्रवार

पाय सगळ्यांचे दुखत होते. आई एकट्या पहाटे उठून तयार.

पालीला एसटीने. इथे बजेटवाल्यांसाठी फार कामाची गोष्ट आहे. पंचाहत्तरच्या वरच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, फक्त आधार कार्ड दाखवायचं, आणि बायकांना २०२३ पासून अर्ध तिकीट. म्हणजे आईंचं शून्य, माझं आणि मोठीचं अर्धं, धाकट्याचंही अर्धं, पूर्ण तिकीट फक्त मिस्टरांचं. जाऊन-येऊन अडीचशेच्या आत झालं. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं ते आईंनी जपून ठेवलंय.

बल्लाळेश्वर हा एकच गणपती असा की जो भक्ताच्या नावाने ओळखला जातो, बल्लाळ नावाच्या लहान मुलाच्या. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं, अशी रीत आहे. देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, पोर्तुगिजांच्या चर्चमधली. १७३९ ची लढाई धाकट्याला थोडीफार माहीत होती, तो घंटेखाली उभा राहून वर बघत होता. मागे सरसगडाचा सुळका एकदम अंगावर आल्यासारखा. गडावर जायला वेळ नव्हता.

देवळाबाहेर आईंनी पोह्याचे पापड घेतले, स्वतःच्या कनवटीच्या पैशांनी, आणि मोठीला सांगितलं हे वहीत लिहायचं नाही.

दुपारी खोपोलीत जेवण, लॉजवर ठेवलेल्या पिशव्या घेतल्या, चारनंतरची लोकल, कल्याणला दोन तास बाकावर. गाडीची वाट बघताना धाकटा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला, टोपी चेहऱ्यावर. पंचवटी सातच्या सुमारास आली. तेच अप-डाउनवाले, आता थकलेले, काही जण पत्ते खेळत, काहींनी डबे उघडलेले. शेजारच्या काकांनी विचारलं कुठून आलात, मोठीने सुरुवात केली ती कसारा येईपर्यंत थांबली नाही. काकांनी शेवटी विचारलं, "खर्च किती आला?" तिने वही उघडून दाखवली. खाली बेरीज होती सोळा हजार पाचशे, नाशिकरोडपासून घरापर्यंतची रिक्षा धरून. काकांनी खिशातून पेन काढलं आणि रेल्वे, लॉज, तिकीट असे आकडे त्यांच्या डायरीत उतरवून घेतले. त्यांच्या नातवालाही जायचं होतं.

साडेदहाला घरी पोचलो. आईंनी पदर सोडून झटकला तर त्यातून माझं एक कानातलं पडलं, कालचं. एक राहूनच गेलं होतं गाठीत आणि मला दिवसभर पत्ताही नव्हता.

धाकटा झोपेतच स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. तिथे चौकटीवर दर वाढदिवसाला त्याची उंची पेन्सिलने लिहिलेली असते. पाठ टेकून उभा राहिला, म्हणाला पप्पा, लावा. मिस्टरांनी रेघ मारली, मग त्याच्या वर चार बोटं मोजून दुसरी रेघ मारली आणि तिच्यापुढे लिहिलं, नायट्रो.

उरलेले पंधराशे मी त्याच रात्री वेगळ्या डब्यात ठेवले. सोमवारी भिशीला जाऊन नवीन वर्षाचं नाव लिहून आले.